कोल्ड सोअर: गोळी की मलम, हे फोड येण्याआधीच ठरवा

ओठावर फोड येऊन चार दिवस झालेले असतात, तो फुटून खपलीही धरलेली असते, आणि मग प्रश्न येतो: गोळी घेऊ की मलम लावू? तोपर्यंत दोन्हींची वेळ टळून गेलेली असते. कोल्ड सोअरच्या बाबतीत बहुतेकांची चूक औषध निवडण्यात होत नाही, ते हाताशी असण्यात आणि सुरू करण्याच्या वेळेत होते. म्हणून या लेखात निवड कशी करायची हे तर आहेच, पण त्याआधी काय तयारी लागते आणि नंतर कुठला क्रम पाळायचा, यावर भर आहे.

एवढी एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. हर्पीस सिम्प्लेक्स हा विषाणू (ओठावर बहुधा त्याचा प्रकार १) एकदा अंगात शिरला की कायमचा राहतो. चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी तो निपचित पडून असतो. ताप, कडक ऊन, दगदग, मासिक पाळी, दातांचं काम, ओठाला झालेली इजा, असं काही निमित्त मिळालं की मज्जातंतूवरून उतरून ओठाच्या कडेशी येतो आणि भराभर वाढतो. ही वाढ पहिल्या एक-दोन दिवसांतच जोरात असते. औषध रोखतं ते या वाढीला. पुढे दिसणारी जखम, खपली, तिचं सुकणं हा शरीराच्या दुरुस्तीचा भाग आहे आणि त्या कामाला विषाणूविरोधी औषधाने वेग येत नाही.

टप्पा १: हे कोल्ड सोअरच आहे, याची खात्री करा

चुकीच्या दुखण्यावर बरोबर औषध लावलं तरी उपयोग शून्य. कोल्ड सोअरची ओळख अशी: ओठाची लाल कातडी जिथे संपते त्या कडेवर किंवा तिच्या अगदी जवळ, बहुधा एकाच बाजूला, बारीक पाण्याच्या पुटकुळ्यांचा झुबका येतो. त्याआधी काही तास ते एखादा दिवस त्याच जागी चुणचुण, आग, खाज किंवा ताठरपणा जाणवतो. पुटकुळ्या एकमेकींत मिसळतात, फुटतात, लस वाहते, पिवळसर-तपकिरी खपली धरते. सगळं मिळून साधारण ७ ते १० दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आटोपतं. आणि पुढच्या खेपेला बऱ्याचदा त्याच जागी पुन्हा उठतं.

यात गल्लत होते ती अशी:

तोंड येणं वेगळं. गालाच्या आतल्या बाजूला, जिभेवर किंवा ओठाच्या आतल्या मऊ कातडीवर पांढऱ्या-पिवळ्या तळाचे व्रण असतील तर तो हर्पीस असण्याची शक्यता कमी. तिथे ॲसायक्लोविर (कोल्ड सोअरवरचं नेहमीचं विषाणूविरोधी औषध) लावून काही होत नाही.

जिवणीच्या दोन्ही कोपऱ्यांत चिरा पडल्या असतील तर तो बहुधा बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग असतो. त्याचं औषध निराळं.

मधासारख्या रंगाच्या, पसरत जाणाऱ्या खपल्या, विशेषतः लहान मुलांच्या नाका-तोंडाभोवती, हा जिवाणूंचा त्वचासंसर्ग असू शकतो.

ओठावरची कडक, न दुखणारी, तीन आठवडे होऊनही न भरलेली जखम घेऊन थेट डॉक्टरांकडे जा. तिच्यावर ट्यूब संपवत बसू नका.

तपासणी: चुणचुण आधी झाली का? पुटकुळ्या झुबक्याने आहेत का? यापूर्वी त्याच जागी असंच झालं होतं का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर पुढे जा. आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल तर निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या. पुढच्या खेपा तुम्ही स्वतः ओळखू शकाल.

टप्पा २: घरच्या घरी उपाय कोणी करायचे नाहीत

निवडीचा प्रश्न पुढच्या मंडळींसाठी नाहीच. त्यांनी आधी डॉक्टर गाठायचे.

डोळा लाल होणं, दुखणं, उजेड सहन न होणं, किंवा पापणीजवळ पुटकुळ्या: त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. हर्पीस बुबुळावर गेला तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. ओठाचं क्रीम डोळ्यात कधीही घालायचं नाही. डोळ्यासाठीचं मलम वेगळं बनवलेलं असतं.

एक्झिमा (इसब) असलेल्या माणसाच्या अंगावर अचानक एकसारख्या, दुखऱ्या पुटकुळ्या पसरल्या आणि ताप आला, तर ती तातडीची बाब आहे.

केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, रोजची स्टेरॉइडची गोळी, उपचाराखाली नसलेला एचआयव्ही यांमुळे प्रतिकारशक्ती कमी असेल तर मलमावर भिस्त ठेवायची नाही. इथे गोळी, प्रसंगी शिरेतून औषध लागतं.

लहान मुलाला पहिल्यांदा लागण झाली की चित्र निराळं दिसतं: ताप, सुजलेल्या आणि रक्ताळलेल्या हिरड्या, तोंडभर फोड, लाळ गळणं, पाणीसुद्धा प्यायला नकार. यात ओठावर मलम लावणं निरर्थक आहे. लवकर नेलं, साधारण पहिल्या तीन दिवसांत, तर डॉक्टर पातळ औषध देऊ शकतात. खरा धोका असतो तो अंगातलं पाणी कमी होण्याचा.

आणि नवजात बाळ. पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला ही लागण जिवावर बेतू शकते. बाळाला ताप, सुस्ती, दूध न पिणं किंवा अंगावर पुटकुळी दिसली तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. ॲसायक्लोविरचा गरोदरपणातला अनुभव दांडगा आहे आणि डॉक्टर गरजेप्रमाणे ते देतातही, पण तो निर्णय त्यांचा.

टप्पा ३: स्वतःची नोंद काढा

या पायरीला दहा मिनिटं लागतात आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. कागदावर किंवा फोनमध्ये लिहा: गेल्या वर्षात किती वेळा आलं? चुणचुण ओळखू येते का, की सकाळी उठल्यावर थेट फोडच दिसतो? फोड केवढा होतो, एकच की दोन-तीन ठिकाणी? किती दिवस टिकतो? आधी काय झालं होतं: ऊन, ताप, जागरण, पाळी, दाताची ट्रीटमेंट?

याच कागदावर खाली मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, रोजची औषधं कोणती, कशाची ॲलर्जी आहे, हेही लिहा. ही औषधं शरीराबाहेर पडतात ती मूत्रपिंडातून. मूत्रपिंड कमकुवत असेल तर नेहमीचा डोस अंगात साठतो आणि माणूस गोंधळतो, बरळतो, नसलेलं दिसायला लागतं. वयस्कर माणसांत हे जास्त होतं आणि घरच्यांना वाटतं की वयामुळे चाललंय.

टप्पा ४: निवड

आता मुख्य प्रश्न. आधी अपेक्षा जमिनीवर आणू. वेळेवर घेतलेली गोळी फोडाचा मुक्काम सरासरी सुमारे एक दिवसाने कमी करते. वेळेवर आणि नेमाने लावलेलं क्रीम साधारण अर्ध्या ते एका दिवसाने. ‘रात्रीत गायब’ असं सांगणारी जाहिरात कुठल्याच औषधाची खरी नाही. काहींचा फोड चुणचुणीवरच विरतो हे खरं, पण औषध न घेताही काहींचा तसा विरतो, म्हणून त्याचं सगळं श्रेय ट्यूबला देऊ नका.

मग गोळीचं पारडं जड का? विषाणू आतून, मज्जातंतूच्या टोकाकडून येतो आणि त्वचेच्या खोल थरांत वाढतो. गोळी रक्तातून तिथे पोचते. क्रीमला वरून, कातडीचा चिवट थर ओलांडून आत जावं लागतं, आणि त्याआधीच ते जिभेने चाटलं जातं, जेवताना पुसलं जातं, रुमालाला लागतं. शिवाय क्रीम दिवसातून पाच वेळा लावायचं असतं. पाच वेळा लावणारा माणूस विरळा. सकाळी एकदा, रात्री एकदा लावून ‘क्रीमचा उपयोग नाही’ म्हणणारे पुष्कळ.

माझं मत विचाराल तर ठरवताना हा क्रम धरा.

वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी, छोटासा, एकाच जागी येणारा फोड, आणि चुणचुण नीट कळते: क्रीम पुरेसं आहे. किंवा काहीच न लावता, फक्त काळजी घेऊनही चालतं. हा पर्याय लोक विसरतातच. निरोगी माणसात कोल्ड सोअर आपोआप बरा होतो.

फोड मोठे, अनेक, फार दुखणारे. किंवा वर्षातून पुष्कळदा येणारे. किंवा प्रत्येक खेपेला दहा-दहा दिवस रेंगाळणारे: गोळी. डॉक्टरांशी बोलून, चिठ्ठी आधीच घेऊन.

चुणचुण कळतच नाही, थेट फोडच दिसतो: इथे क्रीमचा उपयोग फारच थोडा. दिसल्याबरोबर पहिल्या दिवसात गोळी घेतली तर थोडाफार फायदा होऊ शकतो.

मूत्रपिंडाचा विकार, किंवा मूत्रपिंडावर ताण आणणारी इतर औषधं चालू: डॉक्टरांनी डोस ठरवून दिल्याशिवाय गोळी नाही. क्रीमचं औषध रक्तात जवळजवळ उतरत नाही, म्हणून अशा वेळी क्रीम हा सोपा मार्ग.

ठरावीक निमित्ताने हमखास येतो, उदाहरणार्थ दिवसभर उन्हात काम किंवा चेहऱ्यावर लेझर: फोडाची वाट पाहायचीच नाही, टप्पा ९ बघा.

दोन्ही एकदम केलं तर? गोळी आणि विषाणूविरोधी क्रीम एकत्र वापरून दुप्पट फायदा होतो याला ठोस आधार नाही. गोळी घेतली असेल तर ओठावर साधी पेट्रोलियम जेली पुरे.

सावध: निवड करताना ‘सगळ्यावर चालणारं’ म्हणून मिळणारी मलमं बाजूला ठेवा. ज्यांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं, ती कोल्ड सोअरवर लावली की लाली तात्पुरती उतरते आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. ॲसायक्लोविर ५ टक्के आणि हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का असं एक क्रीम खास कोल्ड सोअरसाठी बनलेलं आहे. ते वेगळं. त्यात सौम्य स्टेरॉइडच्या जोडीला विषाणूविरोधी औषध असतं. नुसतं स्टेरॉइड लावायचं नाही.

टप्पा ५: औषध आधी आणून ठेवा

निवड झाली की त्याच आठवड्यात औषध आणा. बहुतेक ठिकाणी गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि चुणचुण हमखास रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी सुरू होते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: “मला वर्षातून इतक्या वेळा येतं, चुणचुण झाल्याबरोबर सुरू करता येईल अशी एका खेपेची चिठ्ठी आत्ताच द्या.” टप्पा ३ मधला कागद इथे कामी येतो. डॉक्टर अशी चिठ्ठी द्यायला सहसा कचरत नाहीत.

गोळ्यांची पट्टी किंवा ट्यूब घरात एका ठरलेल्या जागी आणि प्रवासाच्या बॅगेत एक, अशी ठेवा. मुदत संपण्याची तारीख बघा. ट्यूब उघडल्याची तारीख तिच्यावरच पेनाने लिहा. सोबत कापसाच्या काड्या, टिश्यू आणि पेट्रोलियम जेलीची स्वतंत्र डबी ठेवा.

ट्यूब विकत घेताना एक बारकावा. ॲसायक्लोविर दोन रूपांत मिळतं, क्रीम आणि ऑइंटमेंट. ऑइंटमेंटच्या तळातून औषध कातडीत नीट उतरत नाही, म्हणून ओठासाठी क्रीम मागा. नाव एकच असल्याने काउंटरवर यात सर्रास गफलत होते.

तपासणी: आत्ता, या क्षणी चुणचुण सुरू झाली तर एका तासात पहिला डोस घेता येईल का? उत्तर नाही असेल तर तयारी अपुरी आहे.

टप्पा ६ (अ): चुणचुण जाणवली, मार्ग गोळीचा

घड्याळ बघा आणि वेळ लिहा. आरशात काही दिसेपर्यंत थांबू नका. फोड खरंच येतोय का हे बघू म्हणून गमावलेली रात्र परत मिळत नाही.

प्रौढांसाठी प्रचलित डोस असे आहेत. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं लिहिलं असेल तर चिठ्ठी खरी.

व्हॅलासायक्लोविर: २ ग्रॅम, आणि साधारण १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम. एका दिवसात उपचार संपला. १२ वर्षांवरील मुलांनाही कोल्ड सोअरसाठी डॉक्टर हाच डोस देऊ शकतात.

फॅमसायक्लोविर: १५०० मिलिग्रॅम, एकाच वेळी, एकदाच.

ॲसायक्लोविर: २०० किंवा ४०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, पाच दिवस.

पहिल्या दोन औषधांत सगळ्यात मोठी चूक होते ती भीतीपोटी. व्हॅलासायक्लोविरची गोळी ५०० मिलिग्रॅमची असेल तर २ ग्रॅम म्हणजे एका वेळी चार गोळ्या. तळहातावर चार मोठ्या गोळ्या बघून माणूस बिचकतो, एक घेतो, उरलेल्या ‘दिवसाला एक’ अशा पुरवतो. अशाने औषधाची पातळी हवी तेव्हा हवी तेवढी चढतच नाही आणि खेप वाया जाते. दवाखान्यातून किंवा दुकानातून निघतानाच विचारून घ्या: “एका वेळी किती गोळ्या?” आकडा पट्टीवर लिहून घ्या.

याची उलट चूक म्हणजे उरल्यासुरल्या गोळ्या दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही घेत राहणं. व्हॅलासायक्लोविरचा हा उपचार एका दिवसापलीकडे लांबवून जास्त फायदा होत नाही. दुसरा डोस घाईने पहिल्याला चिकटवूनही घेऊ नका. दोहोंत किमान ६ तास हवेतच, १२ असलेले बरे.

ॲसायक्लोविरचं पाच वेळांचं वेळापत्रक डोक्यात राहत नाही. सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७, रात्री ११ असे पाच गजर लावा. रात्री उठायची गरज नाही. हे औषध पोटातून रक्तात थोडंच उतरतं आणि लवकर बाहेर पडतं, म्हणून इतक्यांदा घ्यावं लागतं. दिवसातून पाच वेळा जमणार नाही हे स्वतःबद्दल माहीत असेल तर डॉक्टरांकडे दुसऱ्या दोहोंपैकी एक मागा. ॲसायक्लोविर अर्धवट घेण्यात काही अर्थ नाही.

गोळ्या जेवणाआधी किंवा नंतर, कशाही चालतात. दिवसभर पाणी मात्र भरपूर प्या. डोकं दुखणं, मळमळणं होऊ शकतं आणि ते आपोआप जातं. गोंधळल्यासारखं वाटणं, अंगावर पुरळ, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा.

टप्पा ६ (आ): चुणचुण जाणवली, मार्ग क्रीमचा

औषधाप्रमाणे वेळापत्रक बदलतं. ॲसायक्लोविर ५ टक्के क्रीम दिवसातून पाच वेळा, निदान चार दिवस. पेनसायक्लोविर १ टक्का जागे असताना दर दोन तासांनी, चार दिवस. डोकोसॅनॉल १० टक्के दिवसातून पाच वेळा, बरं होईपर्यंत, पण दहा दिवसांपेक्षा जास्त नाही.

लावण्याची पद्धत:

१. जेवण, दात घासणं, तोंड धुणं आधी उरका. क्रीम त्यानंतर.

२. साबणाने हात धुवा. ओठ टिश्यूने टिपून कोरडा करा. घासू नका, आणि तो टिश्यू लगेच टाकून द्या.

३. कापसाच्या काडीच्या टोकावर थोडंसं क्रीम घ्या. ट्यूबचं तोंड ओठाला टेकवायचं नाही, नाहीतर ट्यूबमध्येच विषाणू जातो.

४. जिथे चुणचुण होते ती जागा आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी कातडी पातळ थराने झाका. ॲसायक्लोविर फक्त टिपत लावा. डोकोसॅनॉल हलक्या हाताने मुरवायचं असतं. जाड थर देऊन औषध जास्त आत जात नाही, ते फक्त जिभेवर येतं.

५. काडी टाका. पुन्हा लावायचं तर नवी काडी. हात पुन्हा धुवा.

६. अर्धा तास खाणं-पिणं, ओठ चाटणं, तोंड धुणं टाळा. लिपस्टिक किंवा लिप बाम लावायचाच असेल तर क्रीम मुरल्यावर, तोही काडीने.

सावध: क्रीम ओठाच्या बाहेरच्या भागासाठी आहे. तोंडात, नाकात, डोळ्यात नाही. थोडी आग, कोरडेपणा, साल निघणं चालतं. लाली पसरली आणि सूज आली तर क्रीमचीच ॲलर्जी असू शकते, लावणं थांबवा.

काही देशांत हिरडीला चिकटवायची ॲसायक्लोविरची छोटी गोळी मिळते. वरच्या सुळ्याच्या वर, फोडाच्याच बाजूला, एकदाच लावायची, चावायची किंवा गिळायची नाही. तिच्यात दुधातलं प्रथिन असतं, त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती घेऊ नये. गोळी आणि क्रीम यांच्यामधला हा मार्ग सोयीचा आहे, पण सगळीकडे मिळत नाही.

टप्पा ७: उशीर झाला असेल तर

फोड फुटला, लस वाहतेय किंवा खपली धरली आहे. इथे विषाणूविरोधी औषधाचा हट्ट सोडा. अपवाद एवढाच की नवे फोड अजून येत असतील, दुखणं फार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर उशिराही गोळी देतात.

बाकी सगळ्यांसाठी काम साधं आहे. दिवसातून दोनदा पाण्याने हलकेच धुऊन टिपून घ्या. खपली कोरडी पडून तडकते तेव्हाच दुखते आणि रक्त येतं, म्हणून काडीने पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देत राहा. दुखलं तर पॅरासिटामॉल, किंवा स्वच्छ ओल्या कापडाचा थंड शेक. आंबट, खारट, तिखट काही दिवस लांब ठेवा. औषधाच्या दुकानात कोल्ड सोअरवर चिकटवायचे पारदर्शक पॅच मिळतात. त्यांनी जखम ओलसर राहते, हात लागत नाही आणि चारचौघांत झाकलीही जाते. पॅच कोरड्या कातडीवरच बसतो, खाली क्रीम किंवा जेली लावू नका, आणि ओढून काढू नका, सुटेल तेव्हा सुटू द्या.

करू नये त्यात पहिलं म्हणजे फोड टाचणीने फोडणं. त्यातली लस विषाणूने भरलेली असते. टूथपेस्ट, स्पिरिट, लिंबू, चुना यांनी कातडी भाजते आणि मग डाग राहतो. अँटिबायोटिक मलमाचा विषाणूवर काही परिणाम होत नाही. जखमेत पू झाला, लाली वाढत गेली, तरच त्याचा विचार, आणि तोही डॉक्टरांना दाखवून.

टप्पा ८: लागण पसरू देऊ नका

गोळी घेतली की आपण ‘सुरक्षित’ झालो असं समजणं चूक. चुणचुणीपासून खपली गळून खालची कातडी सांधेपर्यंत विषाणू बाहेर पडत असतो, पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त. या काळात कोणाचा मुका घ्यायचा नाही, तान्ह्या बाळाच्या तर जवळसुद्धा तोंड न्यायचं नाही. आई असाल तर मास्क लावा, हात धुवा आणि बाळाला पाजत राहा. फक्त स्तनावर फोड असेल तर त्या बाजूने पाजू नका. मुखमैथुनही टाळा, त्यातून जोडीदाराच्या जननेंद्रियांना लागण होते.

पेला, चमचा, टॉवेल, लिप बाम, दाढीचं ब्लेड वेगळं ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर हात धुतल्याशिवाय तिला हात नाही, आणि थुंकीने ओली करण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. या दिवसांत चष्मा लावलेला उत्तम. फोडावर फिरवलेला लिप बाम बरं झाल्यावर टाकून द्या.

टप्पा ९: वारंवार येणाऱ्यांसाठी

वर्षातून सहा किंवा जास्त वेळा येत असेल, किंवा कमी वेळा पण फारच त्रासदायक, तर दर खेपेला आग विझवत बसण्यापेक्षा रोजच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला. साधारणपणे ॲसायक्लोविर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा व्हॅलासायक्लोविर ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, काही महिने, आणि मग गरज उरली आहे का ते पाहायचं. यात क्रीमला जागा नाही. निरोगी ओठावर रोज क्रीम चोपडून फोड टळतात असा समज सोडून द्या.

निमित्त ठरलेलं असेल तर गोळी तेवढ्या दिवसांपुरतीही घेता येते. दातांचं मोठं काम किंवा चेहऱ्यावर लेझर ठरलं असेल तर तारीख घेतानाच सांगा: “मला कोल्ड सोअर येतो.” गोळी आधीपासून सुरू करायची की नाही हे तेव्हाच ठरतं. आणि फोड चालू असताना दाताचं न टाळता येणारं काम नसेल तर तारीख पुढे ढकला.

ऊन हे निमित्त असेल तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेला लिप बाम, बाहेर पडण्याआधी आणि मग दर दोन तासांनी. चेहऱ्याला सनस्क्रीन लावणारे ओठ हमखास सोडतात.

दर खेपेनंतर टप्पा ३ मधल्या नोंदीत भर घाला: चुणचुण किती वाजता, पहिला डोस किती वाजता, खपली कधी गळली. तीन-चार खेपांची अशी नोंद झाली की औषध लागू पडत नाही की उशिरा सुरू होतंय, हे डॉक्टरांना एका नजरेत कळतं. निरोगी माणसात औषधाला न जुमानणारा विषाणू क्वचितच सापडतो, पहिल्या डोसला झालेला उशीर मात्र पदोपदी. वेळेवर, पूर्ण डोस घेऊनही दहा दिवसांत जखम भरायला लागली नाही, किंवा दोन आठवडे उलटूनही ती तिथेच आहे, तर नवी ट्यूब आणू नका. जखम डॉक्टरांना दाखवा.